दवाखान्यात नंबर कसा लावायचा आणि डॉक्टरांना घरी कधी बोलवायचं

गंगाखेडच्या एका दवाखान्यात मी काउंटरवर बसते. फोन मीच उचलते, वहीत नावं मीच लिहिते, जुना केस पेपर मीच शोधून काढते. साहेब आत तपासत असतात, पण कुणाला थांबता येईल, कुणाला आधी आत सोडायचं आणि कुणाच्या घरी आजच जायला हवं, याची पहिली चाळणी बाहेर माझ्यापाशी होते. फोनवर काय सांगायचं आणि सोबत काय आणायचं हे ठाऊक असलेल्या माणसाचं काम लवकर होतं. ठाऊक नसलेला तेवढाच आजारी असूनही ताटकळतो, हे मला रोज दिसतं. परभणी, नांदेड, लातूर, बीड कुठेही गेलात तरी तालुक्याच्या गावातले दवाखाने थोड्याफार फरकाने असेच चालतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळख, मग आजार

सगळ्यात मोठं काम घरात कुणीच आजारी नसताना करायचं असतं. रात्री नऊला फोन येतो, "आमच्या म्हाताऱ्याला तपासायला घरी या." साहेबांनी त्या म्हाताऱ्याला कधी पाहिलेलं नसतं. त्याला शुगर आहे का, हृदयाचं काही आहे का, कोणत्या गोळीची ॲलर्जी आहे, काहीच माहीत नसतं. अशा ठिकाणी बहुतेक डॉक्टर जात नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. ज्याचा केस पेपर कपाटात आहे त्याच्या घरी जायला मात्र ते सहसा तयार होतात.

तेव्हा घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला, ते हिंडतं-फिरतं असतानाच, एकदा दवाखान्यात आणा. बीपी, शुगर, वजन बघून घ्या आणि त्यांच्या नावाचा केस पेपर तयार करून ठेवा. त्याच दिवशी काउंटरवर हे विचारून घ्या:

- सकाळची आणि संध्याकाळची ओपीडी किती ते किती, रविवारी काय?
- नंबर फोनवर लागतो की येऊनच लावावा लागतो? वही किती वाजता उघडते?
- डॉक्टर घरी येतात का? कोणत्या गावापर्यंत? व्हिजिटची फी किती?
- डॉक्टर गावाला गेले असतील तर त्यांच्या जागी कुणाला दाखवायचं?

चौथा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात त्याचं उत्तर लागतंच.

डॉक्टर नवीन असतील तर त्यांच्या चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघा. एमबीबीएस असतील तर नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. नोंदणी क्रमांक न सांगणारा, प्रत्येकाला एकच सुई टोचणारा माणूस किती का स्वस्त असेना, त्याच्याकडे जाऊ नका. खेड्यात असे अजूनही आहेत आणि त्यांनी बिघडवलेले पेशंट शेवटी आमच्याच बाकावर येऊन बसतात.

नंबर लावताना

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात "साडेअकराची अपॉइंटमेंट" मिळते. आमच्याकडे वेळ मिळत नाही, नंबर मिळतो. म्हणून "किती वाजता येऊ?" या प्रश्नाला मला नेमकं उत्तर देता येत नाही. त्याऐवजी "माझा नंबर कितवा, आणि आता कितवा चालू आहे?" असं विचारा. एका पेशंटला साधारण सात-आठ मिनिटं धरली, तर तुमच्यापुढे दहा जण असताना सव्वा तास हाताशी आहे. तेवढ्यात मेडिकलचं, बँकेचं काम उरकता येतं. फक्त तुमच्यापुढे दोघं-तिघं उरलेले असतील तेव्हा परत या. नंबर पुकारल्यावर माणूस नसेल तर आम्ही पुढच्याला आत सोडतो. परत आल्यावर दोन-तीन पेशंटनंतर घेतो, पण प्रत्येक दवाखान्याची रीत वेगळी असते, तीही विचारून ठेवा.

गर्दीचे दिवस ठरलेले आहेत. सोमवारी रविवारचे साचलेले पेशंट येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला प्रत्येक जण बाजार करता करता दवाखानाही उरकून घेतो. सणानंतरचा पहिला दिवस तसाच. ज्याचं काम अडलेलं नाही, म्हणजे बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायच्या आहेत, रिपोर्ट दाखवायचे आहेत, त्याने मधल्या वारी, सकाळच्या ओपीडीच्या शेवटी यावं. शांतपणे बोलणं होतं. संध्याकाळी उशिरा आलात आणि परतीची एसटी चुकायची भीती असली, तर तसं आल्याबरोबर सांगा. बसून बसून शेवटी सांगितलंत तर मला काही करता येत नाही.

काही जणांना नंबर सोडून आत घेतलं जातं: दम लागलेला माणूस, तापाने फणफणलेलं किंवा सुस्त पडलेलं लेकरू, दिवस भरत आलेली बाई, चक्कर येऊन पडलेला कुणी. पण बाकावर बसलेल्या चाळीस माणसांत कुणाच्या छातीत दुखतंय ते मला दिसत नाही. सांगायला लाजू नका. उठून काउंटरवर या आणि स्पष्ट बोला.

"नुसते रिपोर्ट दाखवायचेत" हेही आधीच सांगावं. बऱ्याच दवाखान्यांत त्यांना मध्येमध्ये सोडतात आणि ठराविक दिवसांच्या आत आलात तर पुन्हा फी लागत नाही. ते दिवस किती, हे पहिल्याच भेटीत केस पेपरवर लिहून घ्या.

महिन्यातून एकदा मोठ्या शहरातून येणाऱ्या स्पेशालिस्ट डॉक्टरांची गोष्ट निराळी. त्यांचा नंबर आठ-दहा दिवस आधी लावा, आणि आदल्या संध्याकाळी फोन करून ते नक्की येणार आहेत का याची खात्री करा. ऑपरेशन निघालं तर त्यांचा दौरा रद्द होतो. वीस किलोमीटरवरून जीप करून आलेल्या माणसाला ते इथे आल्यावर कळणं फार वाईट.

फोनवर काय बोलायचं

बहुतेक फोन असे येतात: "साहेब हायेत का? म्हातारी लई बिमार हाय, लवकर पाठवा." यातून मला काहीच कळत नाही. गाव कोणतं, म्हातारी कोण, काय होतंय, सगळं मलाच एकेक करून विचारावं लागतं, तोवर पाठीमागे रांग ओरडत असते.

असं सांगा: "राणीसावरगावहून बोलतोय. पेशंट गयाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, तुमच्याकडं जुना केस पेपर हाय. कालपासून ताप, आज सकाळपासून जेवण नाही, लघवी कमी झाली. बोलते, ओळखते. मांडीचं हाड मोडल्यापासून उठता येत नाही." एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतं. गाव, नाव, वय, जुना पेशंट की नवा, काय होतंय आणि कधीपासून, शुद्धीवर आहे का, चालता येतं का. या क्रमाने सांगितलं की साहेबांना मी दोन पेशंटच्या मध्ये जसंच्या तसं सांगू शकते आणि उत्तरही लगेच मिळतं. फोन शक्यतो पेशंटजवळ बसलेल्या माणसाने करावा. पुण्यात राहणाऱ्या मुलाची काळजी समजते, पण आईला आत्ता घाम सुटलाय का हे तिथून सांगता येत नाही.

येताना काय आणायचं

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून आणा. "एक पांढरी आणि एक लाल" यावरून औषध ओळखता येत नाही. दुसरीकडे दाखवलं असेल तर तीही चिठ्ठी आणा, लपवू नका. जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावा आणि प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

उपाशीपोटीची शुगर तपासायची असेल तर रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काही नको. बीपीची गोळी मात्र त्या सकाळी मनानेच बंद करू नका. पुष्कळ जण "तपासायला जायचंय" म्हणून गोळी न घेता येतात आणि वाढलेलं बीपी घेऊन बसतात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी कधी घ्यायचं, ते आदल्या दिवशी फोनवर विचारा.

बायांसाठी एक गोष्ट. पाळीची शेवटची तारीख लक्षात ठेवून या. आणि सासू, नवरा, दीर यांच्यासमोर बोलता येत नसेल तर मला हळूच सांगा, "मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय." सोबतच्यांना बाहेर बसवायचं काम माझं. अंगावरून जाणं, पोटात गाठ, मारहाण या गोष्टी कितीतरी जणी मनात घेऊन तशाच परत जातात. एकांतात तपासून घेण्याचा तुमचा हक्क आहे.

सरकारी दवाखान्यात

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे सगळं आलं. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीतलं, ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथले दर वेगळे असतात. तिकडे जायचं असेल तर खालच्या दवाखान्यातून संदर्भ चिठ्ठी घ्या आणि सकाळी लवकर पोहोचा. केस पेपर काढण्याची वेळ संपली की डॉक्टर बसलेले असूनही नंबर लागत नाही. कोणत्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी, हे निघण्याआधी कळून घ्या. संभाजीनगरला एक खेप वाया जाणं म्हणजे गाडीभाडं गेलं आणि मजुरीही बुडाली.

आभा म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींसाठीचा चौदा अंकी सरकारी ओळख क्रमांक. तो काढून ठेवला असेल तर अनेक सरकारी रुग्णालयांत खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करून टोकन मिळतं, नाव-पत्ता सांगत बसावं लागत नाही.

गरोदर बाईसाठी दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. चौथ्या महिन्यापासून पुढे त्या दिवशी सरकारी केंद्रात डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. आशाताईला आधी सांगितलं तर ती सोबत येते.

गावातलं उपकेंद्र, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तीस वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर तिथे तपासतात. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून ते मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी व्हिडिओवर गाठही घालून देतात. साधी खरूज, जुनं बीपी, रिपोर्ट वाचून घेणं यासाठी तालुक्याला यायची गरज नाही. हे मी खाजगी दवाखान्यात बसून सांगते आहे, कारण त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेली माणसं बघवत नाहीत.

डॉक्टरांना घरी कधी बोलवायचं

घरी येण्याचा उपयोग कुणाला? जो उठूच शकत नाही, आणि ज्याला हलवण्याने फायद्यापेक्षा त्रास जास्त, त्याला. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेला माणूस, खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी, पाठीला जखमा झालेला, लघवीची नळी असलेला, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला. अशांना ताप आला, खाणं बंद झालं, नळी तुंबली, दुखणं वाढलं, तर घरी तपासणं योग्य.

आता ज्या वेळी घरी बोलवायचंच नाही, ते नीट वाचा. छातीत दाबल्यासारखं दुखणं आणि घाम. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय गळणं, बोबडी वळणं. दम लागून बोलता न येणं. फिट. बेशुद्धी. न थांबणारा रक्तस्राव. साप चावणं. फवारणीचं औषध पोटात किंवा अंगावर जाणं. बाळंतकळा. उन्हात काम करून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागणं. यांतल्या कशातही डॉक्टरची वाट बघत घरी थांबू नका. डॉक्टरांच्या बॅगेत सापाच्या विषावरचं इंजेक्शन नसतं, ईसीजी नसतो, सीटी स्कॅन नसतो. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. डॉक्टर घरी येऊन "न्या" म्हणेपर्यंत त्यातले दोन तास गेलेले असतात.

साप चावल्यावर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काहीही नको. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा. लाल विंचवाच्या दंशातही घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं की थांबू नका. त्यावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले. ते औषध वेळेत पोटात जायला पेशंट वेळेत दवाखान्यात पोहोचायला हवा.

अशा वेळी १०८ लावा. गाडी मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गाव, तालुका, जवळचा फाटा, ओळखीची खूण सांगा. फोन मोकळा ठेवा आणि एकाला मोटारसायकलवर फाट्यावर उभं करा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे.

व्हिजिट ठरवताना

फोन सकाळीच करा. डॉक्टर घरी जातात ते दोन ओपीड्यांच्या मध्ये, दुपारी दोन ते पाचच्या सुमारास, किंवा रात्री दवाखाना बंद करून. संध्याकाळी सातला फोन आला तर भरलेला दवाखाना सोडून जाता येत नाही. "आजच यायला पाहिजे की उद्या चालेल?" याचं खरं उत्तर द्या. उद्या चालत असताना आज म्हणालात, तर खरंच आज लागणारा एक पेशंट मागे पडतो.

फी फोनवरच ठरवा. अंतर, रात्रीची वेळ, गाडी कुणाची, यावर ती बदलते. विचारण्यात कमीपणा काही नाही, उलट नंतरची कुजबुज टळते. घर सापडेल असा पत्ता द्या: मारुतीच्या देवळापासून कोणत्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे की पलीकडे. मोबाईलवर लोकेशन पाठवा, तरीही रस्त्यावर माणूस उभा ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतवस्तीवर चारचाकी जात नाही, तिथे ट्रॅक्टर किंवा बैलगाडीवर पेशंटलाच डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. हे आधी बोलून ठेवा.

डॉक्टर येण्याआधी खाट उजेडाला ओढा. लाईट जाण्याची वेळ असेल तर बॅटरी हाताशी ठेवा. बसायला स्टूल, हात धुवायला साबण-पाणी आणि स्वच्छ टॉवेल. फाईल, गोळ्यांची पिशवी. ताप किती वाजता किती होता, लघवी किती वेळा झाली, काय खाल्लं, हे कागदावर लिहिलेलं. जखम असेल तर जुनी पट्टी डॉक्टरांसमोरच काढा. पेशंटची रोजची सेवा जी करते, मग ती सून असो की लेक, तिला पुढे बसवा. बऱ्याच घरांत सगळं बोलणं पुरुष करतात आणि रात्रभर जागलेली बाई दाराआड उभी असते. खरी माहिती तिच्याकडे असते.

गल्लीतल्या प्रत्येकाने "साहेब आलेच आहेत तर माझंही बघा" म्हणू नये. दवाखान्यात त्यांची वाट बघणारी माणसं बसलेली असतात.

आणि सलाईनचा हट्ट नको. "एक बाटली लावा, ताकद येईल" हे मी रोज ऐकते. सलाईनमध्ये पाणी, मीठ आणि फार तर थोडी साखर असते. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्याच्या फुप्फुसात तेच पाणी साठू शकतं. तोंडाने पोटात पाणी जात असेल तर पेज, ताक, ओआरएस द्या. जात नसेल तर तो पेशंट भरती करायचा आहे, घरी बाटली लावून ठेवायचा नाही.

सगळ्याच कामांना डॉक्टर लागत नाहीत. रक्ताचा नमुना घ्यायला लॅबचा माणूस घरी येतो. पट्टी बदलायला, नळी बदलायला नर्स येते, व्यायामाला फिजिओथेरपिस्ट येतो. बाळंतीण आणि बाळाकडे आशाताई येणं हा तर तुमचा हक्कच आहे: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती आली नाही तर आरोग्य केंद्रात विचारा. जुन्या पेशंटची पुढची चौकशी व्हिडिओ कॉलवरही होते, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी त्याला मान्यता आहे. पण नव्या पेशंटला फोनवर औषध सांगायला डॉक्टर नकार देऊ शकतात, तो मान्य करा.

घरीच माणूस गेला, तर शेवटच्या आजारात ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४अ, घ्या. त्याला फी लागत नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत करा. वारसाची नोंद, विमा, पेन्शन, सगळं पुढे या कागदावर अडतं.

तपासून झाल्यावर

डॉक्टर निघण्याआधी विचारा: कोणती गोळी कधी आणि किती दिवस, परत कधी दाखवायचं, आणि काय झालं तर वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिन्ही उत्तरं केस पेपरवर लिहून घ्या. घरात वाचणारं कुणी नसेल तर मला सांगा, मी पाकिटांवर सूर्य-चंद्राची खूण करून देते.

ऊसतोडीला जाण्याआधी

बीड, परभणी, जालन्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. निघण्याच्या आठवड्यात आमच्याकडे झुंबड उडते, म्हणून नवरात्र बसायच्या आधीच नंबर लावा. बीपी, शुगर, फिट, टीबी यांची औषधं किती महिन्यांची मिळतील ते विचारा. टीबीची गोळी चालू असेल तर आरोग्य केंद्रात सांगा, पुढच्या गावच्या केंद्रात नोंद वळवून घेता येते. बाई गरोदर असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड आणि लेकरांचं लसीकरणाचं कार्ड पेटीत न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. पोटात दुखतं म्हणून तिकडे कुणी गर्भपिशवी काढायला सांगितलं, तर सोनोग्राफीचा रिपोर्ट फोनवर आम्हाला पाठवा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत आल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका. गावी मागे राहिलेल्या आई-वडिलांचे केस पेपर, शेजाऱ्याचा मोबाईल नंबर आणि आशाताईचा नंबर आमच्या वहीत लिहून मग निघा.